हॅशच्या टकरी आणि रॅन्डम बीज: एसएफक्यूमधले ‘परटर्ब’ नेमके काय साधते?

प्रवाहदर्शी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमच्या कार्यालयातून इंटरनेटकडे जाणारा लिनक्स राउटर माझ्या देखरेखीखाली आहे. बाहेर जाणाऱ्या लिंकवर पूर्वीपासून एसएफक्यू (स्टोकॅस्टिक फेअरनेस क्यूइंग, म्हणजे पॅकेटांच्या रांगा लावण्याची एक पद्धत) लावलेले आहे. प्रत्येक पॅकेटचे दोन्ही आयपी पत्ते, दोन्ही पोर्ट आणि प्रोटोकॉल यांचा हॅश (त्यांपासून गणिताने मिळणारी एक संख्या) काढून ते पॅकेट १०२४ कप्प्यांपैकी एकात टाकले जाते आणि भरलेल्या कप्प्यांना आळीपाळीने पाठवण्याची संधी मिळते. गर्दीच्या वेळी एका क्षणी साधारण ६० प्रवाह, म्हणजे वेगवेगळी कनेक्शने, चालू असतात. त्यांपैकी दहाएक बॅकअपचे असतात आणि ते मिळेल तेवढी बँडविड्थ घेतात. बाकीचे हलके असतात.

अडचण अशी की शंभरातला एखादा व्हॉइस कॉल पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत खराब चालतो, आवाज तुटतो, आणि त्याच वेळी त्याच लिंकवरचे इतर कॉल मात्र स्वच्छ असतात. तोच कॉल बंद करून पुन्हा लावला की तक्रार उरत नाही. पुन्हा लावलेल्या कॉलला नवा सोर्स पोर्ट मिळतो, म्हणजेच त्याचा हॅश बदलतो, हे लक्षात आल्यावर मला खात्री वाटू लागली की खराब कॉल बॅकअपच्या एखाद्या प्रवाहाबरोबर एकाच कप्प्यात पडत असावा.

आमच्या सेटिंगमध्ये ‘परटर्ब’ शून्य आहे, म्हणजे हॅशचे बीज (हॅशच्या गणितात मिसळली जाणारी यादृच्छिक संख्या) मधूनमधून बदलत नाही. अनेक जुन्या उदाहरणांत ‘परटर्ब १०’ लिहिलेले आढळते, म्हणजे दर १० सेकंदांनी बीज बदलायचे. माझ्या सहकाऱ्याचे म्हणणे आहे की हॅश फंक्शन चांगले असेल तर त्यात यादृच्छिक काही मिसळण्याची गरजच नाही आणि टकरी होत असतील, म्हणजे दोन प्रवाह एकाच कप्प्यात पडत असतील, तर फंक्शनच वाईट आहे. मला हे पटत नाही, पण नेमके का पटत नाही ते सांगता येत नाही. परटर्ब १० लावल्याने माझा प्रश्न सुटेल का, आणि सुटणार नसेल तर बीज बदलण्याचा उपयोग तरी काय, हे कोणी समजावून सांगितल्यास आभारी राहीन.

जुनाराउटर

तुमचे निदान मला बरोबर वाटते. पुन्हा कॉल लावल्यावर तक्रार जाणे हा टकरीचा अगदी ठळक पुरावा आहे, कारण लिंकच भरली असती तर नवा कॉलही तितकाच खराब चालला असता. एसएफक्यूमध्ये आणखी एक गोष्ट कॉलच्या विरुद्ध जाते. जागा संपली की सर्वांत लांब रांगेतले पॅकेट टाकून दिले जाते, आणि बॅकअपबरोबर अडकलेला कॉल नेमका त्याच लांब रांगेत उभा असतो. त्यामुळे त्याला उशीर तर होतोच, शिवाय दोष बॅकअपचा असूनही त्याची स्वतःची पॅकेटही गळतात.

आता सहकाऱ्यांच्या मुद्द्याकडे येतो. उत्तम हॅश म्हणजे टक्कर न करणारा हॅश, हा समज मुळातच चुकीचा आहे. उत्तम हॅशकडून आपण एवढीच अपेक्षा करू शकतो की प्रत्येक प्रवाह प्रत्येक कप्प्यात सारख्याच शक्यतेने पडावा, आणि तसे झाले की वाढदिवसाचा सुप्रसिद्ध प्रश्न (थोड्याच माणसांतही कोणा दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता किती) लागू होतो. १०२४ कप्प्यांत केवळ ३८ प्रवाह टाकले तरी कोणते तरी दोन प्रवाह एकत्र येण्याची शक्यता निम्म्यावर पोहोचते. तुमच्या ६० प्रवाहांसाठी ती सुमारे ८३ टक्के आहे. म्हणजे गर्दीच्या वेळी तुमच्या राउटरवर टक्कर नसणे हीच अपवादाची स्थिती आहे. बहुतेक टकरी दोन हलक्या प्रवाहांच्या असल्याने कोणाला जाणवत नाहीत, एवढेच. जाणवते ती कॉल आणि बॅकअप यांची टक्कर. दहा बॅकअप प्रवाहांपैकी एखादा कॉलच्याच कप्प्यात असण्याची शक्यता ०.९७ टक्के येते, आणि तुम्ही स्वतः ‘शंभरातला एखादा’ असे लिहिले आहे. हॅश फंक्शन आपले काम चोख करत आहे, असेच हा आकडा सांगतो.

आता परटर्ब. समजा कॉल २० मिनिटांचा आहे. बीज स्थिर असेल तर शंभरातला एक कॉल पूर्ण २० मिनिटे खराब आणि बाकीचे ९९ पूर्णपणे स्वच्छ. बीज दर १० सेकंदांनी बदलले तर त्या २० मिनिटांत १२० वेळा नव्याने सोडत निघते आणि प्रत्येक वेळी टकरीची शक्यता तीच ०.९७ टक्के असते. परिणामी सुमारे ६९ टक्के कॉलना निदान एकदा तरी १० सेकंदांचा खराब तुकडा भोगावा लागेल. दोन्ही स्थितींत प्रत्येक कॉलमागे सरासरी खराब वेळ काढा, तो सुमारे १२ सेकंदच येतो. बीज बदलल्याने एकूण त्रास कणभरही कमी होत नाही. एकाच्या वाट्याला आलेला पूर्ण त्रास अनेकांत वाटला जातो, एवढाच फरक पडतो.

पॉल मॅककेनी यांनी १९९० मध्ये ही पद्धत मांडली तेव्हा उद्देशही हाच होता. एकमेकांवर आदळलेले दोन प्रवाह कायमचे जखडलेले राहू नयेत आणि दीर्घकाळात प्रत्येकाला न्याय्य वाटा मिळावा. तासभर चालणाऱ्या फाइल हस्तांतरणाला अशी सरासरी चालते. कॉलचे तसे नाही, कारण ऐकणारा सरासरी ऐकत नाही, तो तुटलेले १० सेकंद ऐकतो. म्हणून तुमच्या बाबतीत परटर्ब १० मी लावणार नाही. लावायचेच असेल तर एसएफक्यूच्या मॅन्युअलमध्ये सुचवलेली ६० ही किंमत घ्या, आणि प्रत्येक बदलाच्या वेळी पॅकेटांचा क्रम उलटसुलट होतो हे गृहीत धरा, कारण जुनी पॅकेट जुन्या कप्प्यात राहतात आणि त्याच प्रवाहाची नवी पॅकेट दुसऱ्या कप्प्यातून त्यांच्या आधी निघून जातात.

टकरीच कमी करायच्या असतील तर कप्पे वाढवा. ‘डिव्हायजर’, म्हणजे कप्प्यांची संख्या, १०२४ वरून ६५५३६ पर्यंत नेता येतो. ती किंमत दोनाचा घात असावी लागते. मग दहा बॅकअपांपैकी एखाद्यावर कॉल आदळण्याची शक्यता साडेसहा हजारांत एक इतकी खाली येते. त्यासाठी लागणारी मेमरी आजच्या यंत्रावर मोजण्याइतकीही नाही.

बिंदुरेषा

जुनाराउटर यांचा हिशेब मला पूर्ण मान्य आहे आणि तो इतक्या स्पष्टपणे मांडल्याबद्दल त्यांचे आभार. पॅकेटांच्या क्रमाबद्दल मात्र एक दुरुस्ती सुचवते. क्रम बिघडण्याचे वर्णन जुन्या कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) लागू होते. २०१२ च्या सुमारास, म्हणजे ३.३ आवृत्तीच्या वेळी, एसएफक्यूमध्ये अशी सुधारणा झाली की बीज बदलताच रांगेत थांबलेली पॅकेटही नव्या बीजाने पुन्हा कप्प्यांत लावली जातात. त्या फेरमांडणीत काही पॅकेट गळू शकतात, पण जुनी मागे आणि नवी पुढे हा प्रकार पूर्वीसारखा होत नाही. मॅन्युअलमधला इशारा आजही तसाच आहे, म्हणून हा समज टिकून राहिला असावा.

मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो प्रश्नाचा दुसरा भाग: बीज कधीच बदलायचे नसेल तरी ते असावे का? माझे उत्तर ठाम ‘होय’ असे आहे, आणि त्याचे कारण टकरींच्या संख्येत सापडणार नाही. वर काढलेल्या सर्व शक्यता एका गृहीतकावर उभ्या आहेत, ते म्हणजे प्रवाहांचे पत्ते आणि पोर्ट निवडणाऱ्याला हॅश ठाऊक नाही. हॅश जाहीर आणि स्थिर असेल तर हे गृहीतक कोसळते. एखाद्याला तुमचा कॉल बिघडवायचा असेल, तर तो स्वतःचे ६५,५३६ सोर्स पोर्ट एकेक करून गणितात घालून पाहू शकतो. १०२४ कप्प्यांत त्यांतले सरासरी ६४ पोर्ट नेमके तुमच्या कॉलच्या कप्प्यात पडतील आणि हे शोधायला त्याला क्षणभरही लागणार नाही. त्याच्या दृष्टीने टकरीची शक्यता मग १ टक्का राहत नाही, ती १०० टक्के होते. यंत्र सुरू होताना एकदाच निवडलेले गुप्त बीज एवढ्यापुरते पुरेसे असते. आरएफसी ८२९० या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात वर्णिलेली एफक्यू-कोडेल ही एसएफक्यूसारखीच रांगांची पद्धत असेच वागते. बीज सुरुवातीला एकदा घेतले जाते आणि नंतर फिरवले जात नाही.

प्रवाहांच्या नोंदी ठेवणाऱ्या तक्त्यांत हा धोका याहून मोठा असतो. तिथे एका कप्प्यातल्या नोंदी साखळीने जोडलेल्या असतात आणि प्रत्येक पॅकेटसाठी ती साखळी चालत जावी लागते. क्रॉसबी आणि वॉलक यांनी २००३ मध्ये दाखवून दिले की हल्लेखोराने सर्व नोंदी एकाच कप्प्यात कोंबल्या तर फार थोड्या वाहतुकीतही यंत्राचा पूर्ण वेळ साखळ्या चालण्यात जातो. त्याच वर्षी लिनक्सच्या राउटिंग कॅशमध्ये याच प्रकारची त्रुटी नोंदवली गेली, आणि त्यानंतर तिथे गुप्त बीज घेणारा जेनकिन्स हॅश आला.

बीज असणे वेगळे आणि ते गुप्त राहणे वेगळे, याचे एक उदाहरण इथे द्यायलाच हवे. लिनक्समध्ये प्रवाहाच्या हॅशला ३२ बिटांचे बीज होते आणि त्याच हॅशमधून आयपीव्ही६ चे २० बिटांचे फ्लो लेबल (पॅकेट कोणत्या प्रवाहातले ते सुचवणारा आकडा) तयार होऊन पॅकेटबरोबर बाहेर जात असे. म्हणजे हॅशचा काही भाग आपण स्वतःच जगाला दाखवत होतो. पुरेशी लेबले गोळा करून बीज ओळखता येते आणि त्यावरून ते यंत्र पुन्हा पुन्हा ओळखून त्याचा माग काढता येतो, हे संशोधकांनी दाखवल्यावर २०१९ मध्ये तिथे १२८ बिटांच्या किल्लीचा सिपहॅश आणला गेला. सिपहॅश २०१२ मध्ये ओमासाँ आणि बर्नस्टाइन यांनी नेमका अशाच छोट्या इनपुटांसाठी रचला होता. तुमचा कर्नल ५.३.१० पूर्वीचा असेल आणि ही दुरुस्ती त्यात स्वतंत्रपणे घातलेली नसेल, तर तो बदलणे या सर्व चर्चेपेक्षा अधिक निकडीचे आहे.

बीज कुठे मिसळले जाते हेही तपासावे. हॅश काढून झाल्यावर येणाऱ्या संख्येशी बीज एक्सऑर केले (म्हणजे बीजात जिथे १ आहे तेवढे बिट उलटवले) तर कप्प्यांची नावे बदलतात, पण जे दोन प्रवाह एकत्र होते ते एकत्रच राहतात, कारण समान संख्यांवर समान क्रिया केली की उत्तरेही समानच येतात. अशा रचनेत परटर्ब कितीही वेळा चालवला तरी कोणाचीही सुटका होत नाही. बीज हॅशच्या आत, प्रत्येक टप्प्यावर मिसळले गेले तरच टकरींची जोडी बदलते.

तारायंत्र

मूळ प्रश्नाला फाटा फोडण्याचा हेतू नाही, पण बिंदुरेषा यांच्या शेवटच्या परिच्छेदामुळे माझी जुनी कोंडी आठवली आणि ती याच विषयातली आहे. आमच्या डेटा सेंटरमध्ये स्विचचे दोन थर आहेत. खालच्या थरातल्या प्रत्येक स्विचला वर जाण्यासाठी चार लिंक आहेत, वरच्या थरातल्या प्रत्येक स्विचला पुढे जाण्यासाठी चार, आणि दोन्हीकडे ईसीएमपीने (सारख्या खर्चाच्या अनेक मार्गांत वाहतूक वाटण्याच्या पद्धतीने) पत्ते, पोर्ट आणि प्रोटोकॉल या पाच घटकांच्या हॅशवरून लिंक निवडली जाते. वरच्या थरातल्या प्रत्येक स्विचवर चारांपैकी एकच लिंक जवळजवळ भरलेली आणि बाकी तीन रिकाम्या असे चित्र दिसत होते. दोन्ही थरांवर एकच हॅश असल्याने असे होते हे मी वाचले होते, म्हणून वरच्या थराला वेगळे बीज दिले. भरलेली लिंक बदलली, पण भरलेली लिंक एकच राहिली. बीज बदलूनही असे का व्हावे, हे मला आजतागायत उलगडलेले नाही. हॅश सीआरसी (डेटातल्या चुका ओळखण्यासाठी वापरले जाणारे गणित) जातीचा आहे, एवढे मला ठाऊक आहे.

बिंदुरेषा

तारायंत्र, तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. सीआरसी रेषीय असतो. बीज म्हणून त्याची सुरुवातीची किंमत बदलली, तर समान लांबीच्या प्रत्येक इनपुटाच्या उत्तरात एकच ठरावीक संख्या एक्सऑर होते. म्हणजे वर मी जी चुकीची रचना सांगितली, तीच इथे वेगळ्या वेशात आली आहे. खालच्या थराने हॅशचे शेवटचे दोन बिट पाहून लिंक निवडली, त्यामुळे वरच्या एका विशिष्ट स्विचवर पोहोचणाऱ्या सर्व प्रवाहांचे ते दोन बिट सारखेच असतात. वरच्या स्विचने नव्या बीजाने सीआरसी काढला, की त्या दोन बिटांवर एक ठरावीक संख्या एक्सऑर होते. सर्वांचे बिट आधी सारखे होते आणि नंतरही सारखेच राहिले, फक्त ०१ च्या जागी १० आले. म्हणून भरलेली लिंक बदलली आणि बाकीच्या तीन रिकाम्याच राहिल्या.

यावर उपाय म्हणजे वरच्या थराला वेगळी बहुपदी असलेला सीआरसी देणे, किंवा त्याच सीआरसीचे वेगळे बिट वापरायला सांगणे. अनेक स्विचमध्ये हॅशचा प्रकार आणि बिटांची जागा निवडण्याची सोय असते, ती बीजाच्या सेटिंगपासून वेगळी शोधावी लागते. नेटवर्क कार्डांवर पॅकेट वेगवेगळ्या कोअरना वाटण्यासाठी वापरला जाणारा टोप्लिट्झ हॅशही रेषीयच आहे, पण तिथे किल्ली बदलली की गुणाकाराचा तक्ताच बदलतो. त्यामुळे किल्ली बदलल्यावर टकरींच्या जोड्याही खरोखर बदलतात. ‘रेषीय म्हणजे निरुपयोगी’ असा अर्थ कृपया कोणी काढू नये. बीज त्या गणितात कुठे शिरते, तेवढाच प्रश्न आहे.

जुनाराउटर

क्रमाबद्दलची दुरुस्ती मान्य आहे. माझी माहिती खरोखरच जुनी होती.

तारायंत्र यांच्यासाठी एक भर घालतो, कारण हे ध्रुवीकरण (सर्व प्रवाह एकाच लिंकवर गोळा होणे) दूर झाले की लिंक समसमान भरतील अशी त्यांची अपेक्षा असेल तर पुन्हा निराशा होईल. चार लिंकवर चार मोठे प्रवाह सोडले आणि हॅश आदर्श असला, तरी चारही प्रवाह वेगवेगळ्या लिंकवर जाण्याची शक्यता २५६ पैकी २४, म्हणजे साडेनऊ टक्क्यांहूनही थोडी कमी आहे. आठ लिंकवर आठ प्रवाह असतील तर ती पाव टक्क्याच्याही खाली जाते. हजारो लहान प्रवाह असतील तर सरासरी काम करते. प्रवाह थोडे आणि अवजड असतील तर हॅश कोणताही घ्या, काही लिंक ओसंडतील आणि काही मोकळ्या राहतील.

अशा वेळी इथेही मधूनमधून बीज बदलावे असे सुचते, पण ते करू नये. रांगेतली थांबलेली पॅकेट राउटर पुन्हा मांडू शकतो, पण निघून गेलेली आणि वेगळ्या लांबीच्या मार्गावर असलेली पॅकेट त्याच्या हातात नसतात. ज्या दिशेने हे करणे सुरक्षित ठरते ती म्हणजे पाठवणाऱ्या यंत्राची. लिनक्समध्ये टीसीपीची पुनर्प्रेषणाची मुदत उलटली की तो आपल्या कनेक्शनचा हॅश नव्याने निवडतो. आयपीव्ही६ वर त्यामुळे फ्लो लेबल बदलते, आणि स्विच ते लेबल हॅशमध्ये घेत असतील तर प्रवाह दुसऱ्या मार्गावर जातो. बदल अडलेल्या प्रवाहापुरताच होतो, आणि तोही काहीही पोहोचत नसताना होतो, त्यामुळे क्रम बिघडण्याची भीती उरत नाही. ही कल्पना मला फार आवडते.

प्रवाहदर्शी

सर्वांचे मनापासून आभार. सहकाऱ्याला मी १२ सेकंदांचा हिशेब दाखवला. त्याने तो स्वतः पुन्हा मांडून पाहिला आणि फंक्शन वाईट असल्याचा आपला मुद्दा मागे घेतला. परटर्ब शून्यच ठेवला आहे. कर्नल नवा आहे, सिपहॅश असलेला. आधी डिव्हायजर ६५५३६ करून दोन आठवडे निरीक्षण केले आणि त्या काळात जुन्या पद्धतीची, म्हणजे पुन्हा लावल्यावर नाहीशी होणारी, एकही तक्रार आली नाही.

आता एसएफक्यू काढून पुढे काय लावावे, याचा विचार चालू आहे. एफक्यू-कोडेलमध्ये कप्पे मूळ सेटिंगनुसार १०२४ च आहेत, म्हणजे टक्कर तितकीच होणार. पण प्रत्येक कप्प्यात कोडेल (रांगेतला उशीर आटोक्यात ठेवणारी पद्धत) चालत असल्याने बॅकअपची रांग फार काळ लांब राहत नाही आणि पॅकेटचा थांबण्याचा वेळ ५ मिलिसेकंदांच्या लक्ष्याकडे ओढला जातो. त्यामुळे टक्कर झाली तरी कॉलला तिची झळ कमी लागावी, असे मला वाटते. केक या दुसऱ्या रांगपद्धतीबद्दलही वाचले. तिथे १०२४ रांगा आठ-आठच्या १२८ गटांत विभागलेल्या असतात, हॅशने गट ठरतो आणि गटात मोकळी रांग शोधली जाते. हे मी बरोबर समजलो आहे का?

बिंदुरेषा

बरोबर समजलात. केकमध्ये टक्कर होण्यासाठी एकाच गटात एका वेळी आठांहून अधिक प्रवाह यावे लागतात. तुमचे ६० प्रवाह १२८ गटांत विखुरले तर एखाद्या ठरावीक कॉलवर तशी वेळ येण्याची शक्यता दहा कोटींत दोनच्या आसपास येते. कप्पे तेवढेच ठेवून हे साधते, कारण हॅशला शेवटचा निर्णय न देता फक्त शोधाची सुरुवात करायला सांगितले आहे. केकचा हिशेब राखायला प्रोसेसरचे काम थोडे अधिक लागते, म्हणून राउटर जुना असेल तर गर्दीच्या वेळी त्याच्या कोअरवरचा भार आधी पाहून घ्या.

एफक्यू-कोडेलबद्दल एक सावधगिरी. हलक्या प्रवाहाला तिथे जी अग्रक्रमाची वागणूक मिळते, ती कप्प्याला मिळते, प्रवाहाला नव्हे. बॅकअपच्या कप्प्यात पडलेला कॉल ती वागणूक गमावतो. त्याला मिलिसेकंदांचाच फटका बसेल हे खरे, पण तुमचे लोक आवाजाबाबत इतके काटेकोर असतील तर तिथेही रांगांची संख्या वाढवून घ्या. ती लावतानाच ठरवावी लागते, चालू असताना बदलता येत नाही.